पाण्याचा जमाखर्च

मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या परिसराचा इतिहास’ या विषयावर काही लिहा, असे चिटणीस बाईंनी सांगितले, तेव्हा सर्वांप्रमाणेच माझ्याही मनात प्रथम आले ते अंबरनाथचे शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा तो शिलालेख, शिलाहार राजा माम्वाणी, गाभाऱ्यात खाली उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या, या सर्वांवर माझ्याहून जाणत्या लोकांनी लिहिलेले आहे. मग वाटले, ज्या वालधुनीच्या काठी ते देऊळ उभे आहे तिचा, आणि ती जिच्या खाडीला जाऊन मिळते त्या उल्हास नदीचा इतिहास आपण बायकांनी आपल्या बाजूने का लिहू नये? देवळात आपण महाशिवरात्रीला जातो. पाण्याकडे रोज जावे लागते.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. परंतु लग्न होऊन या भागात आले त्या वर्षापासून घरखर्चाची वही मात्र नेमाने लिहीत आले आहे. दूध, किराणा, शाळेची फी, औषधपाणी, पाणीपट्टी असे सर्व त्या वहीत आहे. नळाला पाणी कधी येते याची वाट पाहत पहाटे चारला उठून बसण्याची किंमत त्या वहीत नाही. पाण्यातून पोट बिघडलेल्या मुलापाशी जागलेल्या रात्रीही तिच्यात नाहीत. औषधाचे पैसे लिहिले, जागरण लिहिले नाही. ही उणीव एकट्या माझ्या वहीची असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या खोऱ्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पाणी नेहमी त्याच्याकडे आधी गेलेले दिसते, ज्याच्या नुकसानीचा आकडा कोणाच्या तरी वहीत चढत होता.

पहिला मान आगगाडीचा. मे १८५४ मध्ये गाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये आपल्या अंबरनाथ-बदलापुरावरून पुढे खोपोलीपर्यंत गेली. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची तहान. पाणी नाही तर वाफ नाही, वाफ नाही तर गाडी नाही, आणि गाडी थांबली की तासागणिक तोटा कंपनीच्या खतावणीत दिसणार. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधला. आजही त्याला लोक ‘जी. आय. पी. टँक’ म्हणतात. वाफेची इंजिने गेली, तलाव राहिला, आणि पुढे त्याच पाण्यावर रेल्वेचा बाटलीबंद ‘रेलनीर’ तयार करण्याचा कारखाना निघाला. इंजिनाने पाणी पिणे सोडले, तर तेच पाणी प्रवाशांना विकता येईल, हे हिशेबी माणसाला लगेच सुचते!

दुसरी गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरात उगम पावते. आपल्याकडच्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर आटतात, मग ही ऐन वैशाखात कशी वाहती राहते? याचे उत्तर घाटावर आहे. मावळातली आंध्रा नदी स्वभावतः पूर्वेकडे, इंद्रायणीला जाऊन मिळणारी. टाटांच्या कंपनीने ठोकरवाडी येथे तिला धरण घालून तिचे पाणी नळांवाटे सह्याद्रीवरून खाली कर्जतजवळ भिवपुरीला आणले आणि १९२२ पासून त्यावर वीज निर्माण होऊ लागली. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. जनित्रे फिरवून झाल्यावर उरलेले पाणी उल्हास नदीत सोडले जाऊ लागले. ते उरलेले पाणी, तेच आपले उन्हाळ्याचे पाणी! जे पाणी पंढरपूरच्या चंद्रभागेत जायचे ते आपल्या हंड्यात आले, ही कृपाच म्हणायची. परंतु ते आपल्यासाठी आणलेले नव्हते, हेही ध्यानात असू द्यावे.

नंतर दुसरे महायुद्ध आले. कल्याणच्या पूर्वेला माळरानावर लष्कराने येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांसाठी मोठा तळ उभारला. लांबच लांब बराकी, टोकाला सामाईक नळ, दूरवर शौचकूपांची रांग. चार दिवस राहून पुढे जाणाऱ्या पुरुषांसाठी केलेली ती व्यवस्था. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली सुमारे एक लाख माणसे याच बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. नाव गोड होते, नळ मात्र सैनिकांच्या वेळचेच होते.

कॅम्प नंबर तीनमधल्या माझ्या एका सिंधी मैत्रिणीच्या आईने मला त्या दिवसांविषयी पुष्कळ सांगितले. आज त्या हयात नाहीत. एका बराकीत गोणपाटाचे पडदे बांधून कितीतरी कुटुंबे राहत. शौचकूप इतके दूर आणि उघड्यावर, की बायका अंधार पडेपर्यंत थांबत, आणि थांबणे जमावे म्हणून दिवसभर पाणीच कमी पीत. अंगावर पाजणाऱ्या बायकाही तसेच करीत. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे सात महिन्यांचे मूल हगवणीने गेले. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. पापड लाटता लाटता सांगत होत्या. उल्हासनगरच्या पापडांचे नाव आज सर्वत्र झाले आहे, परंतु त्या वेळी तो निर्वासित बायकांचा पोटासाठीचा उद्योग होता, शेकड्यावर मजुरी मिळे. त्यामुळे त्या बाईंचा पाण्याचा हिशेब अगदी नेमका होता. नळाच्या रांगेतून उशिरा परत आल्या की म्हणत, “आज नळाने माझे शंभर पापड खाल्ले.” पाण्याची किंमत इतक्या चोख शब्दांत सांगणारे दुसरे कोणी मला आजपर्यंत भेटलेले नाही, आणि पुढे ज्या विद्वानांचे आकडे मी देणार आहे त्यांनीही, खरे पाहता, हेच गणित केले आहे.

मग कारखाने. अंबरनाथला काड्यापेट्यांचा कारखाना फार पूर्वीच आला होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने बदलापूरजवळ बारवी नदीवर धरण बांधले. १९७० नंतरच्या काही वर्षांत ते पाणी देऊ लागले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि आणखी आदिवासी व शेतकरी कुटुंबांची घरे-जमिनी पाण्याखाली गेल्या. धरण उद्योगांसाठी म्हणून झाले, तथापि आज जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन त्याचे पाणी ठाण्यापासून नव्या मुंबईपर्यंत लाखो घरांना जाते. उल्हासनगर शहराला तर स्वतःचा असा जलस्रोत नाही. ते महामंडळाकडून पाणी विकत घेते. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बॅरेजवरून नदीचे पाणी उचलून देते. म्हणजे नदी आपल्या दारावरून वाहते, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात येते ती मात्र कार्यालये, करार आणि थकबाकी यांच्या वळणांनी.

यात कोणाचा दुष्टपणा होता असे मला म्हणायचे नाही. रेल्वे आली नसती तर ही गावे वाढली नसती, कारखाना नसता तर आपल्या अनेकींच्या घरी पगार आला नसता. मुद्दा इतकाच, की इंजिन थांबले तर किती रुपये बुडतात ते लिहिणारा कारकून होता. गृहिणी थांबली तर किती बुडतात हे लिहिणारा कोणी नव्हता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नफा एका वहीत आणि खर्च दुसऱ्याच्या घरात, असा प्रकार पाहायचा असेल तर वालधुनीकाठी जावे. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी ही लहानशी नदी अंबरनाथच्या देवळाला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी, जीन्सचे कापड धुण्या-रंगवण्याच्या धंद्याचे पाणी आणि आपल्या तिन्ही शहरांचा मैला यांनी तिचा नाला झाला. कधी निळी, कधी लाल, असे तिचे रंग आम्ही पाहिले आहेत. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कोणीतरी टँकरने तिच्यात रसायन ओतले, आणि रात्री उठलेल्या विषारी वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली सांडपाणी केंद्रे व स्थानिक संस्था यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. टँकर रिकामा करणाऱ्याचे वाहतूक व प्रक्रियेचे पैसे वाचले असतील. ते वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बिलांतून कोणी भरले, हे सांगायला नकोच.

आता घरातली वही उघडू. समजा, पाणी भरणे, साठवणे, गाळणे, उकळणे आणि त्यासाठी ताटकळणे यांत एका बाईचे दिवसाला दोन तास जातात. महिन्याचे साठ तास झाले. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर महिन्याला साडेसात दिवस आणि वर्षाला नव्वद दिवस. म्हणजे वर्षातले तीन महिने ती केवळ पाण्याची नोकरी करते, बिनपगारी. ज्या घरी चोवीस तास नळ आहे त्या घरच्या भगिनींना हे अतिशयोक्त वाटेल. त्यांनी एप्रिल-मे महिन्यात डोंगरउतारावरच्या वस्तीत टँकर येतो तेव्हा एकदा जाऊन पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. त्यात जगभराची सरासरी अशी, की शौचालयांच्या सोयीवर खर्च केलेला एक रुपया साडेपाच रुपये होऊन परत येतो आणि पिण्याच्या पाण्यावरचा एक रुपया दोन रुपये होऊन. असले गुणोत्तर मी मिठाची चिमूट घालूनच वाचते. सावकाराचे व्याज आणि विद्वानांचा नफा दोन्ही तपासून घ्यावेत. परंतु या हिशेबातला एक तपशील मला फार बोलका वाटला. त्या लाभाचा सर्वांत मोठा वाटा आजार टळण्याचा नाही, वाचलेल्या वेळेचा आहे! आणि तो वेळही त्यांनी कमाईच्या पुऱ्या दराने नव्हे, अंशानेच धरलेला. पुरा धरला असता तर? पापड लाटणाऱ्या त्या बाईंनी शंभरातला एकही पापड कमी मोजला नसता.

आपल्या देशापुरता आकडा जागतिक बँकेच्या पाणी व स्वच्छता विभागाने काढला होता. २००६ या एका वर्षात अपुऱ्या स्वच्छतेपायी भारताचे २ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.४ टक्के इतके नुकसान झाले. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग आजार आणि अकाली मृत्यू यांचा. आणि अकाली मृत्यूंमुळे झालेल्या नुकसानीपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाट्याचे. इथे पाण्याचा प्रश्न सरळ पाळण्यापाशी येऊन पोहोचतो.

ते कसे, हे आपल्या आयांना पुस्तकाविना कळत होते. बाळाला हगवण लागली की ते ‘उतरते’. आज डॉक्टर त्याचे कारण सांगतात. घाणेरड्या पाण्यातले जंतू वारंवार पोटात गेले की आतड्याचे अस्तर झिजते, आणि मग खाल्लेले अंगी लागत नाही. घरात तूप-नाचणी असूनही मूल हडकुळे राहते. म्हणून पाणी, शौचकूप आणि बाळाचा घास ही तीन खाती वेगळी ठेवून भागत नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, हा नियम अनेक सासवांना अजून पटत नाही; ‘उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकेल’ म्हणून चमचाभर पाणी घातले जाते, आणि त्या चमच्यातूनच आजार येतो. उष्टावण झाल्यावरही आपण वरणाच्या वरचे पाणी पाजतो आणि खालची डाळ मोठ्यांना वाढतो. डाळ बाळाला द्यावी, पाणी आपण प्यावे!

हगवणीवरचा स्वस्तातला उपाय सिद्ध झाला तोही एका निर्वासित छावणीत. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पाण्यात घालून नातेवाइकांच्या हाती दिले आणि घोट घोट पाजायला सांगितले. शंभरांत तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारांच्या खाली आले. लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, एवढे आज प्रत्येक आईला माहीत असावे. कॅम्प तीनमधले ते सात महिन्यांचे मूल याच्या वीसहून अधिक वर्षे आधी जन्मले होते.

मूल वाचले, परंतु खुरटले तर काय? याचेही गणित झाले आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पूरक पेय देण्यात आले. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त लापशी, दोन खेड्यांत नुसते गोड पेय. तीस-पस्तीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढले. पहिल्या दोन वर्षांत लापशी मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला सरासरी ४६ टक्के अधिक कमवीत होते. आणि मुली? मुलींच्या मजुरीत म्हणावा असा फरक आढळला नाही, कारण त्यांतल्या पुष्कळ जणी मजुरीवर जातच नव्हत्या, घरी राबत होत्या. त्या शाळा मात्र एका इयत्तेहून जास्त शिकल्या होत्या, आणि त्यांना झालेली मुले जन्मतः शंभरेक ग्रॅमनी वजनदार होती. पुरुषाचा फायदा पगाराच्या पावतीवर दिसला, बाईचा फायदा नातवंडाच्या वजनात! ज्याने नुसती पावती पाहिली त्याला वाटेल, मुलींना दिलेली लापशी वाया गेली.

आपल्याकडेही हे काम कोणी ओळखले नाही असे नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बालशिक्षणाचे केंद्र काढले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली; मुलांना आधी न्हाऊमाखू घालायचे, मग शिकवायचे. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या अंगणातल्या वाडीचे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेले. आज अंगणवाडी नाही असे गाव विरळा.

परंतु वहीचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. अंगणवाडी सेविकेला मिळते त्याला ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. मान द्यायचा म्हणजे धन कमी दिले तरी चालते, असा या शब्दाचा सोयीचा अर्थ सरकारने लावला आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे त्यांचे काम ‘काम’ म्हणून एका रकान्यात आले.

महाराष्ट्राने २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले आणि पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. पाच वर्षांखालील खुरट्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शंभरात ४६ होते, ते २०१५-१६ पर्यंत ३४ वर आले. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५ निघाले, म्हणजे उतार थांबला. मला वाटते, पोषणाच्या पाकिटाने जेवढे साधण्यासारखे होते तेवढे पुष्कळसे साधले. पुढचा उतार पाकिटाने नव्हे, नळाने आणि गटाराने होईल. विद्वान याला अन्य कारणेही देतील, त्यांचे मी नाकारीत नाही.

आपल्या तिन्ही शहरांच्या सभागृहांत आता निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. महाराष्ट्राने तो कायदा २०११ साली केला. दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जाते. त्यात पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा रकाना असतो, पाणीपट्टीच्या वसुलीचा असतो, गळतीचाही असतो. यंदापासून आपल्या मंडळाने निवडक गल्ल्यांतून एक साधी वही सुरू करण्याचे ठरविले आहे. नळ किती वाजता आला, किती वेळ राहिला, पाणी गढूळ होते का, टँकर घ्यावा लागला का, घरात कोणाचे पोट बिघडले का, त्यापायी कोणाचा रोज बुडाला का, आणि जवळच्या अंगणवाडीत त्या महिन्यात बाळाचे वजन किती भरले. आठवड्याला पाच मिनिटांचे काम आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शेजारणीने लिहावे. वह्या मंडळाच्या कचेरीत, कपाटाच्या खालच्या खणात, गुरुवारी दुपारी तीन ते पाच या वेळात मिळतील. पेन्सिल सोबत दोऱ्याने बांधलेली आहे.